यादीबाहेरचे शब्द

पहिला शब्द कानावर पडला तेव्हा मला वाटले, यंत्र चुकले. 'कात्री' यायला हवा होता, आला 'ऊस'. कानांवर घट्ट बसवलेल्या काळ्या गाद्यांतून एका स्त्रीचा आवाज प्रत्येक शब्दानंतर क्षणभर थांबत संथपणे पुढे जात होता, आणि मी माझी यादी मनातल्या मनात पुढे नेत होते: कात्री, चिंच, पायरी, मोर, रुमाल. एकाच देवासमोर दोघींनी दोन निराळी स्तोत्रे म्हणावीत, आणि जिचा आवाज खणखणीत तिचेच देवाला पोचावे, तसे काहीसे माझ्या मनात असावे. आवाज थांबला. समोरच्या काचेवर हिरवा ठिपका उमटला. आता मी बोलायचे होते. मी पाठ ताठ केली आणि छत्तीस वर्षे ज्या स्वरात वर्गाशी बोलले त्याच स्वरात पंधराच्या पंधरा शब्द क्रमाने म्हणून टाकले. शेजारच्या खुर्चीवर परीक्षा घेणारी, देचम्मा नावाची मुलगी बसली होती. कोडगूकडची, मोजके बोलणारी, सरळ पाहणारी. तिने मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मान खाली घालण्याची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. परीक्षेच्या दालनातून फिरताना एखाद्या मुलीच्या पदराआडचा कागद दिसला की मीही अशीच मान खाली घालून दोन पावले पुढे जात असे. पकडले आहे, पण अजून बोलायचे नाही.

दुसऱ्या फेरीला तीच यादी पुन्हा ऐकवली गेली तेव्हा मी खरोखर ऐकले. ऊस, पोस्टमन, खिडकी, कासव, मीठ, आणि असेच आणखी. कात्री नव्हती, चिंच नव्हती, मोर नव्हता. म्हणजे यंत्राने यादी बदलली होती. आणि यंत्र आपणहून काही करत नाही, कोणीतरी त्याला करायला सांगते, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. माझ्याजवळ यादी आहे हे कोणाला ठाऊक होते? तारीख ठरवली होती वारिजाने, माझ्या सुनेने. अर्ज तिनेच भरला होता. नवे शब्द मी धरू पाहत होते आणि जुने दारातच उभे राहून त्यांना आत येऊ देत नव्हते. चार शब्द आले, मग सहा. पाचव्या फेरीला नऊ. मध्येच जिभेवर 'रुमाल' आला आणि मी तो बोलून बसले. देचम्माच्या बोटांची हालचाल झाली. तिने काय लिहिले ते मला दिसले नाही. परीक्षा घेणाऱ्यांचे टेबल मुद्दाम तसे तिरके ठेवलेले असते.

मी एच. एन. विशालाक्षम्मा. म्हैसूरच्या मुलींच्या सरकारी हायस्कुलातून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि दहावीच्या परीक्षेच्या केंद्राची मुख्य अधीक्षक म्हणून सतरा वर्षे काम पाहिले. भरारी पथक माझ्या केंद्रावर आले की चहा पिऊन परत जाई. तपासायला काही उरलेलेच नसे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मेंदूच्या तपासणीच्या त्या बाह्यरुग्ण विभागात, भिंतीला तोंड करून, वर्तुळ दिसले तर बटण दाबायचे आणि चौकोन दिसला तर दाबायचे नाही असल्या परीक्षेला मी बसले, ते एका मंगळवारामुळे. आमच्या यजमानांना तीस वर्षांचा मधुमेह आहे. त्याने त्यांची दृष्टी अधू केली. इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत, म्हणून रोज सकाळी साडेसातला सोळा युनिट आणि रात्री जेवणाआधी दहा, हे मी देते. अकरा वर्षे देते आहे. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी साडेदहाच्या सुमारास ते व्हरांड्यातल्या खुर्चीत घामाने भिजून गेले, त्यांची जीभ जड झाली, आणि 'अहो' म्हणून मी खांदा हलवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी सरसावून पुढे आलेली कोणी परकी बाई आहे. साखर एकेचाळीस निघाली. शेजाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेले. संध्याकाळपर्यंत बेंगळुरूहून मुरळी, माझा मुलगा, येऊन ठेपला, आणि रात्री माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून त्याने सुया टाकायचा पत्र्याचा डबा उघडला.

"अम्मा, डबा काल रिकामा केलास ना?"

"सोमवारी दुपारी करते. दर सोमवारी."

"मग सोमवार रात्रीची एक, आजची एक. इथे तीन आहेत."

"डब्यात काय काय पडतं त्याचा हिशोब मी तुला देऊ?"

"मला नको देऊस. पण सकाळी दोनदा दिलंस का, एवढं सांग."

मी दिले नव्हते. मला स्वच्छ आठवत होते: यजमानांनी सदरा वर धरला होता, खिडकीच्या गजावर कावळा बसला होता, कुकरची पहिली शिटी झाली होती. मी हे सगळे मुरळीला सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि मग, लहानपणी निकालाचा कागद लपवताना त्याचा आवाज जसा मऊ होई तशा आवाजात म्हणाला, "अम्मा, कावळा रोजच बसतो." मी त्याच्या हातून डबा घेतला आणि झाकण लावले. ठरले ते असे: तपासणी करायची. अहवाल निर्दोष आला तर पेन माझ्या हाती राहील. नाहीतर अप्पांना, म्हणजे यजमानांना, मुरळी आणि वारिजा बेंगळुरूला आपल्या घरी नेतील, अकराव्या मजल्यावर, आणि मी हवे तर सोबत यावे. हवे तर! पंचावन्न वर्षांच्या संसारात मला सामानासारखे सोबत घेण्याची भाषा प्रथमच कोणी केली होती. वारिजा फोनवर गोड बोलली. "अम्मा, अगदी साधं असतं. मोबाइलवरच्या खेळासारखं."

"खेळ असेल तर त्याला गुण कशाला देतात, वारिजा?"

ती हसली. तिच्या हसण्यात काय आहे ते मला चौदा वर्षांत कळलेले नाही, आणि जे कळत नाही त्यावर विश्वास ठेवण्याची मला सवय नाही.

आता ती यादी. कुक्करहळ्ळीच्या तळ्याभोवती सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात सगळे निवृत्त शिक्षक-प्राध्यापक आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांतले पाचसहा जण त्याच विभागात जाऊन आले होते, आणि प्रत्येकाने बाहेर पडताच तेच केले होते जे आमच्या विद्यार्थिनी पेपर सुटल्यावर पायऱ्यांवर बसून करत: काय काय आले ते आठवून लिहून काढले. नागरत्नाने ते सारे जुळवून दोन पानांवर उतरवले होते. नागरत्ना माझ्या शाळेत गणित शिकवायची. मुख्याध्यापकपदासाठी माझ्यामागे तिचे नाव होते आणि ते मागेच राहिले. पानांच्या डोक्यावर तिने सुंदर अक्षरांत 'अपेक्षित' असे लिहिले होते. मी तपासणीला जाणार हे कळल्यावर तिने मला तळ्याकाठच्या बाकावर गाठले.

"मॅडम, घाबरायचं कशाला? पेपर फुटलाय."

"नागरत्ना, लाज वाटायला हवी."

"वाटते की. पण मला ब्याण्णव टक्के पडलेत."

पलीकडे बसलेले इतिहासाचे श्रीकंठय्या काठी टेकवत म्हणाले, "पंधराच्या पंधरा शब्द बाहेर येऊन लिहून काढणाऱ्यांची स्मरणशक्ती तपासतात! माझे मात्र चौकोनात मार्क गेले. ग्रेस देतात का, विचारून या विशालाक्षम्मा."

सगळे हसले. मी हसले नाही. मी ते कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. घरी जाऊन फाडायचे म्हणून ठेवले, असे मी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉफीचे डिकॉक्शन उतरेपर्यंत एकदा वाचले. तिसऱ्या दिवशी न वाचता म्हटले. यजमान शेजारच्या खोलीतून म्हणाले, "विशाला, कोणतं स्तोत्र गं नवीन?" मी म्हटले, "तुम्ही झोपा."

त्या काचेसमोर, वर्तुळे-चौकोन संपवून, आकडे आणि अक्षरे एकमेकांना जोडून झाल्यावर, अर्ध्या तासाने पुन्हा तोच हिरवा ठिपका लागला: मघाची यादी आठवा. या वेळी मी पूर्ण सावध होते. जुना एकही शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, असा मी माझ्याशी करार केला. ऊस, पोस्टमन, कासव, मीठ, शिंपी. शिंपी आमच्या अपेक्षितमधला. चूक कळूनही पुढचा शब्द 'घंटा' आला, कारण शिंपीमागे घंटाच येते. त्यामागे पेरू, त्यामागे होडी, चूल. गाडी उतारावर सुटावी तसे ते एकामागून एक सुटले आणि मी स्वतःचाच आवाज ऐकत बसले. बाहेर आल्यावर मुरळीने विचारले, "कशी झाली?" मी म्हटले, "सोपी होती." परीक्षेतून आलेली प्रत्येक नापास मुलगी घरी हेच सांगते.

पुढचे आठ दिवस मी सर्वांवर नजर ठेवली. नागरत्नाने मला मुद्दाम खोटी यादी दिली असेल का? बढतीचा राग इतकी वर्षे टिकतो का? टिकतो, मी टिकवलेले राग मला माहीत आहेत. तळ्याकाठी ती मला लांबून हात करी, आणि तो हात मला पूर्वीपेक्षा थोडा उंच वाटे. वारिजा फोनवर यजमानांची चौकशी करी तेव्हा ती माझी वाक्ये मोजत असावी असे वाटे. कामवाली मंजुळा सुयांच्या डब्याजवळून केर काढताना थांबते का, हेही मी पाहिले. यजमानांवरही मी संशय घेतला. त्यांना बेंगळुरूचे डॉक्टर आवडतात, नातीचा लळा आहे. हाताने चाचपडत त्यांनीच दुसऱ्यांदा टोचून घेतले असेल तर? आंधळ्या बोटांना पेनची चक्री फिरवता येते. टकटक असा आवाज होतो, तो मोजता येतो. मी पेन माझ्या कपाटात कुलपात ठेवू लागले. त्यांनी काही विचारले नाही. ते कधीच काही विचारत नाहीत.

नवव्या दिवशी देचम्माने मला एकटीलाच आत घेतले. मुरळी आणि वारिजा बाहेर बाकावर बसले. तिने पडदा माझ्याकडे वळवला. या वेळी टेबल तिरके नव्हते.

"मॅडम, पहिल्या फेरीत तुम्ही पंधरा शब्द सांगितलेत. यादीतला त्यात एकच होता, आणि तोही योगायोगाने. हे बघा, यंत्राने मोजलंय. यादीबाहेरचे शब्द, चौदा."

"याचा अर्थ?"

"कधी कधी आठवणीत जागा रिकामी पडते. मग मन ती आपलं आपण भरतं. माणसाला ते खरंच घडलेलं वाटतं. तो खोटं बोलत नसतो, मॅडम. म्हणून तर हे लक्षण आम्ही गंभीर धरतो. आता मेंदूचा स्कॅन काढावा लागेल. आणि तोवर औषधं, इंजेक्शनं तुमच्या हाती नसावीत."

तो खोटं बोलत नसतो. किती दयाळू वाक्य होते ते! त्याच्या सावलीत मला बसता आले असते. आजारी माणसाचा अपमान होत नाही. त्याला शाल पांघरतात. पण शाल पांघरलेल्या बाईच्या हातून यजमानांना काढून घेतात, आणि अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवतात. दुसरीकडे एकच वाक्य होते, आणि ते माझ्या तोंडून निघाले असते तर सतरा वर्षांची ती केंद्राधीक्षक संपली असती. मी पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला.

"मी खोटंच बोलत होते."

"म्हणजे?"

"कॉपी केली मी."

ती हसली नाही. उलट तिचा चेहरा अधिकच मऊ झाला, आणि तेच मला सहन झाले नाही. "मॅडम, नंतर असं कारण सुचतं बऱ्याच जणांना..."

"मुली, कॉपी पकडण्यात माझं आयुष्य गेलंय. ती कशी असते ते मला शिकवू नकोस. तुमच्याकडे या परीक्षेचे आणखी संच असतील. उघड ते, आणि माझे शब्द ताडून बघ."

तिने उघडले. तिचे ओठ हलताना मला दिसले: कात्री, चिंच, पायरी. मध्येच ती थांबली आणि मग फार भराभर शेवटपर्यंत गेली. "हा तर आमचा पहिला संच. क्रमसुद्धा तोच." ती माझ्याकडे पाहत राहिली, मग एकाएकी तोंडावर हात ठेवून हसली, आणि ती किती लहान आहे ते मला तेव्हा कळले. हसणे आवरल्यावर तिने विचारले, "कुणी दिली तुम्हाला?"

पूर्वी हासन गावच्या केंद्रावर एका मुलीला मी हाच प्रश्न विचारला होता. तिच्या बांगड्यांत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर पडल्या होत्या, आणि ती तास-दीड तास माझ्यासमोर गप्प उभी होती. त्या गप्पपणाला मी उद्धटपणा म्हटले होते, अहवालातही तसेच लिहिले होते. तिचा एक पाय दुसऱ्या पायावर घासत होता, हे अहवालात लिहायची सोय नव्हती.

"मॅडम, मी रागावले नाही. पण ज्यांनी दिली त्यांचाही निकाल मग खरा नसणार. त्यांना काही होत असेल तर आम्हाला ते कळलेलंच नाही."

"नाव मी सांगणार नाही," मी म्हटले. "उद्या सकाळी दहा वाजता ती स्वतः तुझ्यासमोर येऊन बसेल. तिला मी पाठवीन."

नागरत्ना गेली. फोनवर तिने मला बरेच ऐकवले, "हेडमिस्ट्रेसपण अजून उतरलं नाही तुमचं" असेही म्हणाली, पण गेली. मला महिन्याने पुन्हा बोलावले, नवा संच दिला, अगोदर काही न वाचता. मी ऐकले आणि सांगितले. माझ्या वयाच्या मानाने चांगले, असे अहवालात आले. मुरळी बाहेरच्या व्हरांड्यात पोट धरून हसला. "अम्मा कॉपीत सापडली! हे मी मरेपर्यंत सांगणार." वारिजाने माझा हात हातात घेतला. "अम्मा, पेन आता तुमच्याकडेच. मला तर पहिल्यापासून खात्री होती." त्या गोडव्यात मी काटा शोधला. सापडला नाही, आणि न सापडल्यावर माझ्याजवळ संशय घ्यायला फारशी माणसे उरली नाहीत.

परतताना गाडीत ती दोघे नंजनगूडच्या केळ्यांचा भाव आणि मुलीची शाळा असे काहीबाही बोलत होती. मी काचेबाहेर बघत होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. यंत्राने मला विचारले होते की मी किती विसरते. मी फारसे विसरत नाही. पण त्या दिवशी कानात 'ऊस' पडलेला असताना माझ्या तोंडाने 'कात्री' म्हटले, ते विसरल्यामुळे नव्हे. पाठ होते म्हणून. पुढ्यात काय चालले आहे याची माझ्या पाठांतराला गरजच पडली नाही. आणि शिंपीमागून घंटा आली, ती मी मनाई केलेली असताना. अकरा वर्षे रोज सकाळी सदरा वर होतो, कावळा बसतो, शिटी होते, चक्री सोळावर येते. ज्या गोष्टी रोज एकसारख्या करतो त्या आठवत नाहीत. त्या फक्त माहीत असतात. मग त्या मंगळवारी काय झाले ते मला आठवते, असे मी कशाच्या जोरावर म्हणत होते? असा प्रश्न त्या विभागात कोणी मला विचारला नाही. त्यांच्याकडे त्याची परीक्षा नसावी.

मुरळी आणि वारिजा त्याच संध्याकाळी बेंगळुरूला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कपाटाचे कुलूप काढून पेन घेतले. यजमान पलंगाच्या कडेला बसले होते; माझी पावले ऐकून त्यांनी सदरा वर केला. पोटावरची जागा निळसर होती, वर्षानुवर्षांच्या टोचण्यांनी घट्ट झालेली. मी शेजारी बसले.

"अहो, त्या मंगळवारी मी दोनदा टोचलं का?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. म्हणून ते खरे होते.

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"टोचलेलं कळतं गं. डोळे गेलेत, कातडी आहे की."

"मग बोलला का नाहीत?"

आता त्यांना वेळ लागला. त्यांची बोटे सदऱ्याच्या काठाशी चाळा करत होती. "मला वाटलं, पहिलं टोचणं म्हणजे माझा भास असेल. तू देते आहेस म्हणजे द्यायचंच असेल. या घरात तू कधी चुकलीयेस का?"

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला उत्तर दिले असते. पंचावन्न वर्षांत मी या माणसाची औषधे, कपडे, मित्र, जेवणाच्या वेळा आणि अखेर त्याच्या कातडीला कळणाऱ्या गोष्टीसुद्धा ठरवल्या होत्या. आणि तो घामाने भिजत, जीभ जड होईपर्यंत, माझ्यावर विश्वास ठेवून खुर्चीत बसून राहिला होता.

"ऐका," मी म्हटले. "आजपासून मी सुई लावली आणि आधी एकदा दिलेलं तुम्हाला जाणवलं असेल, तर तुम्ही 'नको' म्हणायचं. मोठ्यानं. माझा हात धरायचा."

"बरं."

"म्हणून दाखवा."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"म्हणा ना."

"नको," ते म्हणाले. हळू, मान खाली घालून, आणि हात पुढे करून त्यांनी माझे मनगट धरले, अगदी सांगितल्याप्रमाणे. त्या सकाळचे इन्सुलिन मी अजून दिलेच नव्हते.

मी त्यांची बोटे एकेक करून सोडवली, सोळा युनिट दिले, आकडा मोठ्याने वाचला, वेळ कागदावर लिहिली. मग फोन उचलला. मुरळी ऑफिसच्या वाटेवर होता. मागून हॉर्न ऐकू येत होते.

"काय झालं अम्मा? रिपोर्ट तर चांगला आला ना?"

"आला. तू एक नर्स बघ. दोन्ही वेळा येणारी."

"कशी हवी? अनुभवी? कन्नड बोलणारी?"

"ते तू बघ," मी म्हटले. "माझं न ऐकणारी हवी."